जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी इलेक्ट्रिक कशी करतात? मोटर बसते, खरी गोम बॅटरीत

इंग्लंडमधला कुणी हौशी गडी घरामागच्या गॅरेजमध्ये पन्नास वर्षांपूर्वीची उघड्या टपाची गाडी घेतो, इंजिन उपसून काढतो आणि वीस मिनिटांच्या व्हिडिओत तीच गाडी आवाज न करता रस्त्यावर पळवतो. असे व्हिडिओ मोबाईलवर सहज सापडतात आणि बघताना काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्या वीस मिनिटांमागे कित्येक महिन्यांचे शनिवार-रविवार गेलेले असतात. हे काम नेमकं कसं होतं, धोका कुठं आहे आणि आपल्याकडे कायदा काय सांगतो, त्याची ही माहिती.

उदाहरणासाठी एमजीबी ही गाडी घेऊ, कारण हौशी लोक या कामाला ती नेहमी निवडतात. आपल्या रस्त्यावर सध्या एमजी नावाच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या दिसतात, त्याच नावाची ही जुनी ब्रिटिश गाडी. आता ते नाव चिनी कंपनीकडे आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे बनली. दोन सीट, ओढ मागच्या चाकांना, वजन टनाच्या आसपास आणि १७९८ सीसीचं पेट्रोल इंजिन. बांधणी साधी आणि वायरिंग मोजकं, त्यामुळे घरी खोलायला बरी पडते.

नवीन मोटर-बॅटरीचा संच महाग पडतो. म्हणून बरेच जण अपघातात भंगार झालेली निसान लीफ ही इलेक्ट्रिक कार शोधतात. सुरुवातीच्या लीफची मोटर ८० किलोवॅटची, म्हणजे साधारण १०७ एचपी. विहिरीवरच्या पाच एचपीच्या एकवीस मोटारी एकत्र केल्या तर जेवढी ताकद, तेवढी.

मोटर बसवणं

इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी काढली की पुढं-मागं बरीच जागा मोकळी होते. जुना गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड प्लेट आणि कपलिंग लागतं. हे काम लेथवाल्याचं. सेंटर जरा जरी आऊट राहिलं तरी बेअरिंग ओरडायला लागतं आणि काही दिवसांत जातं.

दुसरी अडचण ताकदीची. पेट्रोल इंजिन रेस केल्यावर जोर धरतं, इलेक्ट्रिक मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते. लीफच्या मोटरचा पीळ जुन्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट आहे. ट्रॅक्टरचा क्लच एकदम सोडला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथं तसंच होऊन गिअरबॉक्सचे दात किंवा मागचा ॲक्सल तुटू शकतो. म्हणून मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमध्येच जोर कमी करून ठेवतात. पण लीफचा इन्व्हर्टर मूळ गाडीच्या कॉम्प्युटरशिवाय हुकूम घेत नाही. त्यावर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून ‘ओपन इन्व्हर्टर’ नावाचा खुला प्रकल्प उभा केला. त्यातला बोर्ड बसवला की इन्व्हर्टर आपल्या म्हणण्याप्रमाणे चालतो.

बॅटरी कधीच बंद नसते

सुरुवातीच्या लीफची बॅटरी २४ युनिटची. त्यात ४८ डबे, प्रत्येक डबा चार किलोच्या आत-बाहेर. मूळ पेटी अख्खी एमजीबीत मावत नाही, म्हणून डबे सुटे करून काही इंजिनाच्या जागी, काही मागं टाकीच्या जागी बसवतात. सगळं वजन मागं टाकलं तर गाडीचं पुढचं टोक हलकं होऊन वळणावर दगा देतं. स्प्रिंगसुद्धा बदलावे लागतात.

सगळे डबे जोडले की दाब सुमारे ३६० व्होल्ट डीसी होतो. इथं आपल्याकडच्या माणसाची फसगत होऊ शकते. थ्री फेजवर रोज हात मारणाऱ्याला वाटतं, ४१५ व्होल्ट हाताळतो, मग ३६० म्हणजे काय? पण पंपाची लाईन डीपीवरून फ्यूज काढला की मरते. बॅटरीला डीपी नाही. ती टेबलावर सुटी ठेवली तरी जिवंतच असते. लीफच्या पेटीला मधोमध तोडणारा सर्व्हिस प्लग आहे, पण तो काढल्यावरही दोन्ही अर्ध्यांमध्ये प्रत्येकी १८० व्होल्टच्या आसपास शिल्लक राहतात आणि तेवढे माणूस मारायला पुरेसे आहेत.

डीसीची आणखी एक खोड म्हणजे ठिणगी विझत नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी तुटते. डीसीत ती ताणली जाते आणि जळत राहते. घरातला साधा एमसीबी किंवा पंपाचा स्टार्टर म्हणूनच इथं चालत नाही. डीसीचा फ्यूज आणि डीसीचाच कॉन्टॅक्टर लागतो.

जाणकार लोक एक हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि इन्सुलेशनचे पाने वापरतात. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवतात आणि एकट्यानं काम करत नाहीत. प्लग काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबतात, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. त्यानंतरही मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालत नाहीत. बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा तर हवीच. एखादा सेल जास्त चार्ज झाला तर तो तापतो आणि आग लागली की पाण्याचा टँकरसुद्धा कमी पडू शकतो.

इंजिनाबरोबर काय काय जातं

इंजिन नुसती गाडी ओढत नव्हतं. ज्या गाड्यांच्या ब्रेकला बूस्टर आहे, त्याला व्हॅक्यूम इंजिनच देत होतं. आता वेगळा विजेचा व्हॅक्यूम पंप लागतो, तो विसरला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. लाईट-हॉर्नची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत तर अर्थिंग पॉझिटिव्हची होती, ती आधी उलटी करून घ्यावी लागते.

एवढं करून गाडी जाते किती? किलोमीटरला १५० वॅट-तास धरले आणि २४ पैकी २० युनिट वापरले, तर १३० किलोमीटरच्या आसपास. वापरलेली बॅटरी त्याहून कमी देणार. लीफच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात ती लवकर खचल्याच्या तक्रारी २०१२ मध्येच आल्या होत्या. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्याचा विचार यावरून करावा.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

इंग्लंडमध्ये इंधन बदललं की डीव्हीएलए या नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. भारतात घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करायला मनाई आहे. मंजूर किट बसवायची वाट मोकळी आहे. किटची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे एआयएस-१२३ या मानकानुसार होते, ते अधिकृत ठिकाणी बसवायचं आणि मग आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यायची. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

खरोखर जुनी, पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर वेगळा हिशोब आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. इंजिन काढून मोटर टाकली की तो हक्क जातो. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवाही बदललेल्या गाडीला ऐतिहासिक मानत नाही. बदल करायचाच असेल तर तो परत फिरवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा, असा तिचा सल्ला आहे. म्हणून शहाणे हौशी चेसी कापत नाहीत आणि इंजिन ग्रीस लावून कोपऱ्यात झाकून ठेवतात.

आपल्या भागात कुणी जुनी जीप, कार किंवा मोटारसायकल इलेक्ट्रिक करून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी किटचं मंजुरी प्रमाणपत्र मागावं. त्यावर आपल्याच गाडीच्या मॉडेलचं नाव आहे का ते बघावं आणि त्याची प्रत घेऊन आधी आरटीओत विचारून यावं.