नाव, भांडवल आणि हातातील कसब : जेम्स बी. लान्सिंग यांनी अल्टेक सोडल्याच्या घटनेचा ऐतिहासिक अभ्यास (१९४१–१९५५)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि मोठ्या उद्योगसंस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादा कुशल अभियंता मोठी संस्था सोडून लहान संस्थेत जातो, तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय जाते आणि मागे काय राहते, याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. अमेरिकेतील लाउडस्पीकर उद्योगात याचे एक बोलके उदाहरण आढळते. जेम्स बुलो लान्सिंग यांनी १९४६ मध्ये अल्टेक लान्सिंग ही कंपनी सोडून स्वतःची लहान कंपनी काढली. ज्या कंपनीच्या नावात त्यांचे आडनाव होते तीच त्यांनी सोडली, आणि पुढे त्याच आडनावाच्या वापराला त्यांना हरकत घेतली गेली. प्रस्तुत लेखात या घटनेची कारणे व परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

बोलपटांचा काळ आणि लान्सिंग यांचा उदय

लान्सिंग यांचा जन्म १४ जानेवारी १९०२ रोजी इलिनॉय राज्यात झाला. त्यांचे मूळ नाव जेम्स मार्टिनी. केन डेकर या सहकाऱ्याबरोबर १९२७ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस येथे लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि त्याच सुमारास नावही बदलले. आरंभी ही कंपनी रेडिओसंचांसाठी लहान आकाराचे लाउडस्पीकर बनवीत असे. डेकर यांनी व्यवहार पाहावा आणि लान्सिंग यांनी कारखाना, अशी कामाची वाटणी होती. पुढील घटनांच्या दृष्टीने ही वाटणी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणेवर वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि आरसीए या दोन बलाढ्य संस्थांचे वर्चस्व होते. मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर या यंत्रणांवर समाधानी नव्हते. खर्ज सुरांचा कर्णा आणि वरच्या सुरांचा कर्णा यांच्या लांबीत मोठी तफावत असल्याने एकच आवाज प्रेक्षकांपर्यंत दोन वेळा पोहोचे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. त्यामुळे मार्गात अडीच मीटरची तफावत असली, तरी सुमारे ७ सहस्रांश सेकंदाचा विलंब होतो. एलिनॉर पॉवेल या नर्तकीच्या बुटांचा ठेका दुहेरी ऐकू येत असल्यामुळे हा दोष उघडकीस आला, अशी आठवण त्या काळच्या तंत्रज्ञांनी सांगितली आहे.

शिअरर यांचे सहकारी जॉन हिलिअर्ड यांनी नव्या यंत्रणेची आखणी केली आणि तिचे ध्वनिघटक बनविण्याचे काम लान्सिंग यांच्या छोट्या कारखान्याकडे आले. ‘शिअरर हॉर्न’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्रणेला अकादमीने १९३६ या वर्षासाठीच्या तांत्रिक पुरस्काराने गौरविले. पुरस्कारावर नाव शिअरर आणि स्टुडिओ यांचे होते. १९३७ मध्ये लान्सिंग यांच्या कंपनीने याच तत्त्वावर ‘आयकॉनिक’ हा लहान आकाराचा लाउडस्पीकर बाजारात आणला. सिद्धान्त आणि गणित यांचा भार हिलिअर्ड, जॉन ब्लॅकबर्न यांसारख्या सहकाऱ्यांनी उचलला. लान्सिंग यांचे खरे सामर्थ्य वस्तू घडविण्यात होते. त्यांना केवळ ‘संशोधक’ म्हणणारी चरित्रे या बाबतीत अपुरी वाटतात.

विक्री : डिसेंबर १९४१

१९३९ मध्ये केन डेकर यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. व्यवहार सांभाळणारा माणूस गेल्यावर कंपनीची आर्थिक स्थिती खालावत गेली. दुसरीकडे अल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशन ही संस्था वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चित्रपटगृह-विभागातून १९३७ मध्ये वेगळी झाली होती. चित्रपटगृहांतील यंत्रणांची देखभाल हे तिचे मुख्य काम असल्यामुळे सुटे भाग बनविणारा स्वतःचा कारखाना तिला हवा होता. डिसेंबर १९४१ मध्ये अल्टेकने लान्सिंग यांची कंपनी सुमारे ५०,००० डॉलर्सना विकत घेतली. नव्या संस्थेचे नाव अल्टेक लान्सिंग असे झाले आणि लान्सिंग अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्याशी झालेला करार पाच वर्षांचा होता.

ही पाच वर्षे तांत्रिक दृष्टीने अत्यंत फलदायी ठरली. ‘६०४ ड्युप्लेक्स’ हा एकाच चौकटीत दोन घटक सामावणारा लाउडस्पीकर आणि ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही चित्रपटगृहांसाठीची मालिका याच काळातील होय. व्हॉइस कॉइलसाठी गोल तारेऐवजी चपटी फीत कडेवर उभी करून गुंडाळण्याची पद्धत लान्सिंग यांनी विकसित केली. गोल तारेच्या वेढ्यांमध्ये पोकळी राहते. चपट्या फितीमुळे चुंबकाच्या अरुंद फटीत अधिक धातू बसतो आणि तेवढ्याच विद्युत्शक्तीत अधिक आवाज मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती मोजक्याच वॉटची असण्याच्या त्या काळात या सुधारणेचे मोल मोठे होते. अ‍ॅल्युमिनियमचे नाजूक डायफ्रॅम द्रवाच्या दाबाने घडविण्याचे तंत्रही याच काळातील आहे. अल्टेकचे भांडवल आणि हिलिअर्ड यांच्यासारख्या अभियंत्यांची साथ नसती, तर हे काम याच वेगाने झाले असते असे म्हणता येत नाही. मोठ्या संस्थेत कर्तृत्व गुदमरले, असे सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही.

लहान कंपनी आणि आडनावाचा वाद

करार संपताच १९४६ मध्ये लान्सिंग बाहेर पडले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी लान्सिंग साउंड इनकॉर्पोरेटेड ही कंपनी स्थापन केली. अल्टेकने तिच्या नावाला हरकत घेतली. ‘लान्सिंग’ हे व्यापारी नाव अल्टेकने १९४१ मध्ये विकत घेतले होते आणि कायद्याच्या दृष्टीने तिच्या म्हणण्यात तथ्य होते. अखेरीस ‘जेम्स बी. लान्सिंग साउंड इनकॉर्पोरेटेड’ असे पूर्ण नाव धारण करून मार्ग काढावा लागला. ‘आयकॉनिक’ या नावाबाबतही तीच अडचण आली. स्वतः घडविलेल्या वस्तूचे नाव घडविणाऱ्यालाच वापरता येऊ नये, ही परिस्थिती विचित्र खरी. परंतु विक्रीच्या व्यवहारातच तिचे मूळ होते.

हातातील कसब मात्र कोणत्याही विक्रीखतात बांधता येत नव्हते. नव्या कंपनीचा पहिला १५ इंची लाउडस्पीकर, ‘डी-१०१’, अल्टेकच्या उत्पादनाशी बराच मिळताजुळता होता. त्यानंतर आलेला ‘डी-१३०’ हा निराळा होता. अल्टेकच्या १५ इंची लाउडस्पीकरमध्ये ३ इंच व्यासाची व्हॉइस कॉइल असे. येथे लान्सिंग यांनी ४ इंच व्यासाची, चपट्या फितीची कॉइल वापरली. मोठ्या व्यासामुळे उष्णता सहज बाहेर पडे आणि शंकूला अधिक भक्कम आधार मिळे.

वस्तू उत्तम होती, पण पैसा नव्हता. सॅन मार्कोस येथील लान्सिंग यांच्या मळ्याच्या जागेत काही काळ उत्पादन चालले. पुढे मार्क्वार्ड्ट ही विमानविषयक कंपनी मदतीला आली. तिचे खजिनदार विल्यम थॉमस लान्सिंग यांच्या कंपनीच्या संचालक मंडळावर आले. १९४९ मध्ये जनरल टायर कंपनीने मार्क्वार्ड्ट ताब्यात घेतली. लाउडस्पीकरच्या धंद्यात तिला रस नसल्याने हा आधारही सुटला. कर्ज सुमारे २०,००० डॉलर्सपर्यंत गेले. डेकर यांची जागा दहा वर्षांनंतरही भरून निघाली नव्हती. सप्टेंबर १९४९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, लान्सिंग यांनी आपल्या मळ्यावर जीवनयात्रा संपविली. त्यामागील व्यक्तिगत कारणांविषयी तर्क करणे हे इतिहासलेखनाचे काम नव्हे.

लान्सिंग यांच्या आयुर्विम्याची १०,००० डॉलर्सची रक्कम कंपनीला मिळणार होती. त्या पैशावर थॉमस यांनी कंपनी सावरली, लान्सिंग यांच्या पत्नीकडील भाग पुढे विकत घेतला आणि लान्सिंग यांनी घडविलेल्या वस्तूंचे उत्पादन चालू ठेवले. ‘डी-१३०’ नंतर विद्युत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही लोकप्रिय झाला. लिओ फेंडर यांच्या कंपनीने तो आपल्या उत्पादनांत वापरला. नावाबाबत अल्टेकची नाराजी कायम राहिल्याने १९५५ च्या सुमारास थॉमस यांनी पूर्ण नावाऐवजी केवळ तीन आद्याक्षरे मालावर छापण्यास प्रारंभ केला : जेबीएल. ही कंपनी १९६९ मध्ये सिडनी हार्मन यांच्या उद्योगसमूहात आणि तो समूह २०१७ मध्ये सॅमसंगकडे गेला.