कमलापूरचं तळं आणि हत्तींची रजा

हिवाळा, 1970. तुम्ही आलापल्लीच्या लाकूड डेपोत उभे आहात आणि खिशात मोबाइल नाही. नकाशा दाखवणारी गाडीही नाही. बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि ‘मी घरीच राहते’ असं चारदा म्हणून शेवटी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसलेली आई आहे. समोर सागाच्या थप्प्या. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा सरकारी छाप. ताज्या कापलेल्या सागाचा वास जरा तेलकट, नव्या चपलेसारखा. तो कपड्यांत शिरतो आणि धुतल्याशिवाय जात नाही. इथून हे लाकूड ट्रकने बल्लारशाला जातं, तिथून देशभर.

गडचिरोली जिल्हा कुठे आहे, असं कुणाला विचारू नका. तो 26 ऑगस्ट 1982 ला होणार आहे. तोवर हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्याचा, आणि चंद्रपूरच्या साहेबांना तो पृथ्वीच्या टोकाला वाटतो.

घरून निघताना बेत साधा होता. शनिवारी कमलापूरच्या तळ्याकाठी तंबू, रात्री शेकोटी, सकाळी वनखात्याचे हत्ती, रविवारी परत. डेपोतला वनरक्षक तो शांतपणे ऐकून घेतो आणि एवढंच विचारतो, “मच्छरदाणी आहे का जी?”

नाही. कोळसा आहे, शेगडी आहे, फुगवायच्या गाद्या आहेत. मच्छरदाणी नाही.

“मग लेकरं घेऊन पाण्याजवळ झोपू नका.”

इथे वाघाच्या आधी डासाचा विचार करायचा. हिवतापाने या जंगलात जेवढी माणसं नेली, तेवढी कुठल्याही जनावराने नेली नसतील. (एकविसाव्या शतकातही राज्यात हिवतापाचं नाव निघालं की गडचिरोलीचं नाव निघतंच, तेव्हा हा सल्ला जुना झाला म्हणून सोडू नका.) आई पिशवी उघडून तुमचं सामान पुन्हा लावायला घेते. शेगडी बाहेर. तांदूळ, डाळ, कंदील, रॉकेल, जाड चादरी आत. मीठ थोडं जास्तच घ्या, असं वनरक्षक सांगतो. आठवडी बाजारात व्यापारी इथल्या माडिया आदिवासीकडून चारोळी घेतो आणि बदल्यात मीठ मोजून देतो. त्या चारोळीचा नागपुरातला भाव तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तो व्यवहार पाहताना तुम्हाला सहलीतही कसंसंच होतं.

लाकडाच्या ट्रकला परतीचा माल नसतो, त्यामुळे जागा मिळते. सिरोंच्याच्या दिशेने जायचं, रेपनपल्लीच्या बाजूने आत वळायचं. वाटेतल्या नाल्यांवर पूल नाहीत. ड्रायव्हर उतरतो, पाण्यात चार पावलं जाऊन खोली बघतो, मग गाडी घालतो. पावसाळ्यात हा खेळच नसतो. रस्ता बंद म्हणजे बंद, आणि भामरागडकडची गावं तर महिनोन् महिने जगापासून तुटलेली. म्हणून इथे सहल कधी काढायची, हे तुमची रजा ठरवत नाही.

कमलापूरला पोचता तेव्हा हत्तीचं काम चालू आहे. पाहाल ते नीट पाहा, कारण पुढच्या पिढीला हे दिसणार नाही. कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, पाडलेला साग, त्याला साखळी, साखळीचं दुसरं टोक हत्तिणीच्या पट्ट्याला. ती एकदम ओढत नाही. आधी पुढच्या पायाने ओंडका किंचित हलवून बघते, कुठे अडलाय ते समजून घेते, मग अंग पुढे टाकते. माहुताचे पाय तिच्या कानांमागे. तो तोंडाने फारसं बोलत नाही, टाचेने बोलतो. ओंडका झाडाच्या बुंध्याला अडतो तेव्हा ती स्वतःच थांबते, दोन पावलं मागे येते, कोन बदलते. तुमची मुलगी विचारते, “बाबा, तिला कुणी शिकवलं?” तुमच्याकडे उत्तर नाही.

दुपारनंतर तळं. हत्ती आडवे होतात, माहूत दगडाने पाठ घासतो, पाणी गढूळ होतं. तंबूसाठी तुम्ही मनात धरलेली जागा नेमकी त्यांच्या उतरायच्या वाटेवर आहे.

“ताई, लेकरांना मागं घ्या जी,” माहूत तुमच्या बायकोला सांगतो. तंबू गावाच्या बाजूला हलतो.

याच वर्षी याच आलापल्लीच्या बाजूने आणखी एक कुटुंब भामरागडला सहलीला गेलं. बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावर गेले, आणि इथल्या लोकांसाठी काम करायचं आहे असं त्यांनी मुलांना सांगितलं. त्यांतले प्रकाश म्हणाले, मी येतो. 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि डॉ. प्रकाश व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. सहलीला मुलांना नेताना एवढी जोखीम धरून चालावं.

आता जरा लांब मागे. आलापल्लीपासून दक्षिणेला साधारण 100 किलोमीटरवर सिरोंचा, त्या तालुक्यात प्राणहितेच्या काठचं कोटा नावाचं गाव. काळ सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. साग नाही, गवत नाही, एकही फूल नाही. पण तळं आहे. उथळ, चुनखडीच्या गाळाचं, आणि त्यात जाड चकचकीत खवल्यांचे मासे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासक त्यांचेच जीवाश्म इथल्या दगडातून काढतील. किनाऱ्याच्या पलीकडे काही हलतं. बारापासॉरस नावाचा डायनासोर: लांब मान, खांबासारखे पाय, नाकापासून शेपटीपर्यंत एसटी बसपेक्षा लांब. त्याची हाडं नदीपलीकडच्या आजच्या तेलंगणातून निघाली आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा राहिला. इथे तंबू ठोकायचा विचार आईने तुमच्याआधीच सोडलेला आहे. “इथंही पाण्यावर यांचीच पाळी,” ती म्हणते, आणि परत फिरते.

येताना 1953 मध्ये क्षणभर थांबा. आलापल्लीजवळचा 6 हेक्टरचा एक तुकडा वनखात्याने त्या वर्षी कुऱ्हाडीपासून बाजूला काढला, मूळ जंगल कसं असतं ते पुढच्यांना कळावं म्हणून. त्याचं नाव वनवैभव. सागाचं माथं बघायला मान दुखेपर्यंत वर करावी लागते. 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आजच्या सहलीत हा थांबा अर्ध्या तासाचा म्हणून लिहितात. मी म्हणेन, सकाळ द्या, आणि मुलांना बोलू देऊ नका.

आता आजचा बेत. रस्ते डांबरी झाले, पण सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक त्याच रस्त्यांवर धावतात. अंधार पडायच्या आत पोचा. मुक्कामाला लाकडी खोली हवी असेल तर वनविभागाच्या विश्रामगृहाची चौकशी आधीच करा. तळ्याकाठी आपल्या मनाने तंबू ठोकणं हे 1970 मध्येही चाललं नाही, आज परवानगीशिवाय मुळीच चालत नाही. मच्छरदाणी घ्या.

कमलापूरचे हत्ती आता लाकूड ओढत नाहीत. राज्यातला हा एकमेव शासकीय हत्ती कॅम्प. इथले हत्ती गुजरातेत जामनगरला नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा 2022 साली लोकांनी कडाडून विरोध केला. रात्री हत्ती जंगलात चरायला सोडलेले असतात. सकाळी माहूत आणि चाराकटर माग काढत जातात, शोधून आणतात, मग अंघोळ, मग खाणं. ते जवळ सापडले तर लवकर, लांब गेले असतील तर उशिरा. तिकीट काढलंय, असं सांगून उपयोग नाही.

आणि तारखा पक्क्या करण्याआधी एक फोन. थंडीत, बहुतेक जानेवारीत, या हत्तींना दहा दिवसांची रजा असते. त्या दिवसांत जंगली औषधी उकळून त्यांचे पाय शेकतात. तिकडे त्याला चोपिंग म्हणतात, आणि तेवढे दिवस कॅम्प पर्यटकांना बंद. मुलांच्या शाळेला त्याच आठवड्यात जोडून सुट्टी आली असेल, ऑफिसातून मोठ्या मिनतवारीने रजा मिळाली असेल, तरी पलीकडून उत्तर येईल, “हत्ती सुट्टीवर हाय जी. पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात जा.