चैत्रातली एक वेगळी पोथी

चैत्र लागला की भोर-वेल्ह्याकडे जत्रांचे दिवस येतात. देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. बहुधा याच सुमारास ख्रिस्ती मंडळींचा ईस्टर येतो. त्याचा हिशेबही चंद्रावरच, बरं का! 21 मार्चला किंवा पुढे जी पौर्णिमा पडेल, तिच्यानंतरचा रविवार. त्याआधी चाळीस दिवस उपवास-प्रार्थनेत काढायचे, शुक्रवारी ख्रिस्ताच्या मरणाचा शोक करायचा, आणि रविवारी तो पुन्हा उठला म्हणून आनंद करायचा.

ही सारी कथा मराठी ओवीत सांगणारी पोथी चारशे वर्षांपूर्वी झाली. तिचे नाव ‘क्रिस्तपुराण’. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. 1579 साली ते गोव्यास उतरले, तेव्हा पैठणास एकनाथ महाराज हयात होते.

काळ मात्र वाईट होता. साष्टी प्रांतात पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती. 1583 साली कुंकळ्ळीच्या लोकांनी चिडून पाच पाद्र्यांना मारले, तर सरकारने गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून ठार केले. अशा मुलखात कोणी मनाने ख्रिस्ती झाला, कोणी धाकाने. पण सणावारी ऐकायला पुराण नाही, ही उणीव दोघांनाही सारखीच. स्टीफन्सच्या ग्रंथात एक ब्राह्मण पाद्रीबाबांना हेच म्हणतो: आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर मग त्या जागी दुसरे काही द्या.

ते त्यांनी दिले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! आपल्या कवींप्रमाणेच आरंभी देवाला नमन, आणि स्वर्गाला शब्द कोणता? तर वैकुंठ. शिक्षक बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. परका विचार सांगताना या माणसाने ऐकणाऱ्याच्या घरातले शब्द घेतले. 1608 साली त्यांनी देशी अक्षरांच्या खिळ्यांसाठी रोमला पत्र लिहिले होते. तो बेत जमला नाही. 1616 साली रायतूरला पोथी छापली, ती रोमन अक्षरांत. वाचणारा रोमन वाची, पण ऐकणाऱ्याच्या कानी मराठीच पडे. रविवारी आणि सणांना चर्चमध्ये ती वाचली जाई.

पुढे 1683 च्या अखेरीस संभाजी महाराजांची स्वारी गोव्यावर गेली. पोर्तुगीज सरकार हादरले. दुसऱ्याच वर्षी व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. देव तोच ठेवा, पण त्याच्याशी बोलायची भाषा बदला! माझ्या मते हा जुलूम देवळे पाडण्याइतकाच मोठा. घरातल्या बाईने चुलीपुढे प्रार्थना कोणत्या भाषेत करायची?

पोथी मात्र टिकली. तिच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिल्या त्या हाताने उतरलेल्या प्रती. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी त्या जपल्या, आणि त्यांच्या आधारे 1907 साली मंगळूरला सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यात नागरी लिपीत आणला.

गुरुजी, ग्रंथालयात ही प्रत मिळाली तर दुसऱ्या पुराणाच्या शेवटाकडचा, ख्रिस्त पुन्हा उठल्याचा भाग काढा आणि वर्गात मोठ्याने वाचा. काही कोकणी शब्द अडतील. पण ओवीची चाल मुलांच्या ओळखीचीच आहे.