प्रौढशिक्षकाचे प्रशिक्षण आणि समतेचा प्रश्न : राधानगरीच्या संदर्भात

भोगावतीवरील धरणामुळे राधानगरीचे नाव राजर्षी शाहू महाराजांशी कायमचे जोडले गेले. त्यांच्या शैक्षणिक कार्याची चर्चा मात्र बहुधा १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापाशीच थांबते. प्रौढशिक्षणाच्या दृष्टीने पुढील दोन वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमण्यात आले; त्या कामाचे शिक्षण अस्पृश्य उमेदवारांनाही खुले झाले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद झाल्या आणि त्यांना समतेने वागविणे संस्थानच्या नोकरांवर बंधनकारक ठरले. म्हणजे दुजाभाव हा नोकराच्या खासगी मताचा विषय राहिला नाही, तो कर्तव्यच्युतीचा विषय झाला.

राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने २ ऑक्टोबर १९७८ पासून साक्षरता, कार्यक्षमता व सामाजिक जाणीव ही त्रिसूत्री स्वीकारली. जाणीव शिकणाऱ्यात उत्पन्न करावयाची, हे त्यात गृहीत होते, शिकविणाऱ्याचे काय? धनगरवाड्यावरची स्त्री, दलित शेतमजूर आणि गावातील प्रतिष्ठित कुळातील निरक्षर वृद्ध एकाच वर्गात आले, तर कोण पुढे बसणार, कोणाच्या बोलीला हसले जाणार, शिक्षक कोणाला ‘अहो’ म्हणणार आणि कोणाला ‘अगं’, हे अक्षरओळखीच्या आधीचे प्रश्न आहेत. प्रौढशिक्षकाच्या प्रशिक्षणाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.