सात हाली, सहा कलदार

मंदिराच्या प्रांगणात प्रभू येशूने सराफांचे चौरंग उलथून टाकले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मत्तय, मार्क आणि योहान या तिघांनीही सराफांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. लूक केवळ विक्रेत्यांपाशी थांबतो. परंतु देवाच्या दारी सराफ मुळात बसलेच कशासाठी होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्याचा थोडा उलगडा आम्हाला झाला तो यरुशलेमच्या इतिहासातून नव्हे, तर पंढरपूरच्या वाटेवरून.

आषाढी-कार्तिकीला पंढरीस जाणारा वारकरी एकाच राज्याचा रहिवासी असे, अशी आपली आजची समजूत. वस्तुस्थिती तशी नव्हती. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तर संत एकनाथांचे पैठण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नाथांची पालखी परंडा सोडून कुर्डू, अरण, करकंब या वाटेने चंद्रभागेकडे निघाली, की ती एक सरहद्द ओलांडीत असे. भाषा तीच, अभंग तेच, ज्वारीची भाकरीही तीच. कनवटीचा रुपया मात्र बदलावा लागे.

निजामाच्या राज्यात चाले तो 'हाली सिक्का'. इंग्रजी मुलखातला रुपया तो 'कलदार'. यंत्रावर, म्हणजे कळेवर पाडलेला म्हणून कलदार. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादचे नाणेही यंत्रावर पडू लागले आणि त्यावर चारमिनारचे चित्र आले, तरीही कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले. दोहोंचा दर होता ११६ रुपये १० आणे ८ पै हालीला १०० रुपये कलदार. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो नीट मांडला तर सात हालीला सहा कलदार इतका सरळ आहे. त्यात कुणाची मनमानी नव्हती. कलदार रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हाली रुपया भरे सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास. दोहोंतील शुद्ध चांदीचा हिशेब केला, तर सात आणि सहा हेच प्रमाण निघते.

व्यवहारात मात्र एवढा चोख हिशेब गरिबाच्या हाती पडत नाही. कापसाच्या हंगामात मुंबईकडचे व्यापारी मराठवाड्यात खरेदीला उतरत, तेव्हा हालीला मागणी येई. एरवी ती उतरे. शिवाय नाणे पारखणाऱ्याची मजुरी वेगळी. झिजलेला, कापलेला किंवा बद्द वाजणारा रुपया आला, की त्यावर बट्टा कापला जाई. 'नावाला बट्टा लागला' असे आपण आज सहज म्हणतो. तो शब्द सराफाच्या पेढीवरून आपल्या तोंडी आला आहे. एखाद्याने वर्षभर पै पै जमवून चौदा हाली रुपये वारीसाठी गाठीला बांधले असतील, तर न्याय्य दराने त्याला बारा कलदार मिळावेत. सराफाने रुपयामागे एक आणा जरी ठेवून घेतला, तरी बारा आणे गेले. श्रीमंताच्या हुंडीला तो ओरखडाही नव्हे. पायी चालणाऱ्याचा मात्र तो कित्येक दिवसांचा शिधा.

यरुशलेमातही हेच घडत होते. मंदिराचा कर अर्धा शेकेल, आणि तो श्रीमंत-गरीब सर्वांना सारखाच, हे निर्गमच्या तिसाव्या अध्यायात आले आहे. पण तो कोणत्या नाण्यात द्यायचा? पुष्कळ नाण्यांची चांदी हिणकस. त्यामुळे सोर नगरीचे चांदीचे नाणे तेवढे ग्राह्य धरीत. गंमत अशी, की त्या नाण्याच्या एका बाजूस मेल्कार्त या परक्या दैवताचे मुख आणि दुसऱ्या बाजूस गरुड होता! मूर्तीचा विटाळ मानणाऱ्या मंदिराला चांदीच्या शुद्धतेपुढे ती मूर्ती खपली. मिश्ना हा यहुदी धर्मग्रंथ सांगतो, की अदार महिन्याच्या पंधराव्या दिवशी सराफ गावोगावी चौरंग मांडीत आणि पंचविसाव्या दिवशी खुद्द मंदिरात. बदलीबद्दल ते जी जास्तीची रक्कम घेत तिला 'कोलबोन' म्हणत. सराफाचे काम आवश्यक होते, हे मान्य केलेच पाहिजे. तो नसता तर दूरदेशीच्या यात्रिकाला कर भरताच आला नसता. आमच्या मते प्रभूचा संताप नाणी बदलण्यावर नव्हता. प्रार्थनेला आलेल्या माणसाची अडचण हेच ज्यांचे भांडवल झाले होते, त्यांच्यावर तो होता.

१९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये हीच रेल्वे दुसऱ्या टोकाला निजामाच्या लातूरपर्यंत गेली. प्रवास सोपा झाला. नाणी दोनच राहिली. आपल्या मिशनांनाही हा व्याप चुकला नसणार. फ्रान्समधील ॲनेसीच्या संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू औरंगाबादकडील घोगरगाव परिसरात काम करीत, तेव्हा तिकडच्या श्रद्धावंतांनी फ्रँकमध्ये टाकलेले दान आधी कलदारात आणि मग हालीत उतरणे ओघानेच आले. प्रत्येक पायरीवर थोडे झिजून उरलेल्या पैशांतून शाळेची भिंत उभी राहिली असेल.

१९१८ पासून हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. चांदीचा रुपया परमुलखातही निदान चांदीच्या भावाने विकता येतो. कागदाला असे काही नसते. तो राज्याच्या शब्दावर चालतो, आणि १९४७ नंतर तो शब्दच डळमळला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार झाला आणि थोड्याच काळात निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलनाची कायदेशीर मान्यता काढून घेतली. रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे निघाली. घरदार सोडून आलेल्या माणसाजवळ असणार काय? हाली. सहा-सातचे ते जुने प्रमाण अशा वेळी कितपत पाळले गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच दिवसांत एक फार मोठी रक्कमही सरहद्द ओलांडून गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत हैदराबाद सरकारचे १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग होते. निजामाचे अर्थमंत्री मोईन नवाज जंग यांच्या सांगण्यावरून ते पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात गेले. त्या वेळच्या एक शिलिंग सहा पेन्स या दराने ते सुमारे १ कोटी ३४ लाख कलदार, म्हणजे १ कोटी ५७ लाखांच्या आसपास हाली होत. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्याने एकेक आणा गमावून बदललेला तोच हाली! निजामाने लगेच, २७ सप्टेंबरला, पैसे परत मागितले. बँकेने दोघांपैकी कुणालाच दिले नाहीत. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रकरण गेले. पाकिस्तान सार्वभौम राष्ट्र असल्याने त्याच्याविरुद्ध दावा चालणार नाही, असे ठरले. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर व्याजासह ती रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

हालीची अखेर याच्या कितीतरी आधी झाली. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात बरोबरीने चालू लागला, १९५१ मध्ये हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये त्याची मान्यता पूर्णपणे गेली. सातास सहा हा जमाखर्च तोवर लोकांच्या तोंडी होता. पैठणची पालखी आजही परंड्याहून कुर्डूकडे त्याच वाटेने जाते; सरहद्द कुठे होती, हे मात्र आता विचारूनच घ्यावे लागते.