मोरी, भिंत आणि शहर

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघालेल्या गाडीला वाटेत कडकोळ हे लहानसे स्टेशन लागते. एकेकाळी शेतांनी वेढलेल्या या परिसरात आता कारखान्यांच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत. पुढे कपिला, म्हणजेच कबिनी, नंजुंडेश्वराच्या पायाशी वाहते. पाठीमागे, म्हैसूरच्या पलीकडे, कावेरीवर कृष्णराजसागर पसरलेला आहे. या मुलखात धरणाची गोष्ट निघाली की मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव आदराने घेतले जाते. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले, १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी ते दिवाण झाले. येथील माणसाच्या मनात धरण आणि भय या दोन गोष्टी सहसा एकत्र येत नाहीत.

पुण्याच्या माणसाच्या मनात त्या येतात. विश्वेश्वरय्यांचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले, १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि पाणी एका पातळीवर चढले की आपोआप उघडणाऱ्या ज्या दरवाज्यांनी त्यांचे नाव झाले, ते दरवाजे १९०३ मध्ये प्रथम बसले ते खडकवासल्याच्या धरणावर. ते धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. आदल्याच वर्षी देशाने विश्वेश्वरय्यांची जन्मशताब्दी साजरी केली होती. ते हयात होते, आणि १९६२ च्या एप्रिलमध्ये वारले. ज्या भिंतीवर त्यांच्या कल्पनेने पहिल्यांदा आकार घेतला, ती भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्यात त्यांच्या दरवाज्यांचा काही दोष नव्हता, तसा तो भिंतीचाही नव्हता. दोष वरच्या खोऱ्यात होता.

सिंहगडाच्या पलीकडील डोंगरांतून येणारी आंबी ही मुठेची उपनदी. तिच्यावर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्याचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. खडकवासल्याचा तलाव शहराला आणि कालव्यांना अपुरा पडू लागला होता. पुणे हे पेन्शनरांचे आणि विद्यार्थ्यांचे गाव असल्याचा समज अजून टिकून असला, तरी पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहिला होता आणि त्या दिशेला उद्योगांची वसाहत वाढू लागली होती. पाणी हवे होते, आणि ते लवकर हवे होते. काम १९६२ मध्ये पुरे व्हायचे होते. तरी १९६१ च्या पावसाळ्यातच धरणात पाणी साठवण्यात आले. पानशेतच्या साऱ्या इतिहासाचे मूळ या एका वर्षाच्या उतावीळपणात आहे.

मातीचे धरण ही धीराची वस्तू आहे. दगडी भिंत आपल्या वजनावर उभी असते. मातीचा बांध मात्र थर देत, दाबत, मुरवत वाढवावा लागतो, आणि पाणीही त्याला हळूहळू दाखवावे लागते. आतली माती पाण्याचा भार ओळखू लागली, की मग तो बांध पिढ्यान् पिढ्या उभा राहतो. या धीराला उपयोगी पडणारी व्यवस्था म्हणजे बांधाच्या पोटातून जाणारी मोरी. पाणी वेगाने चढू लागले तर तिच्यातून ते सोडून देता येते. पानशेतला नेमकी हीच व्यवस्था अपुरी होती. दरवाजे व ते उचलण्याची यंत्रे पूर्णपणे बसलेली नव्हती.

त्या वर्षी १८ जून ते १२ जुलै या काळात तेथे १७७८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तलावाची पातळी आरंभी दिवसाला ९ मीटर या गतीने चढत गेली आणि बारा दिवसांत ती २४ मीटर वर आली. नव्या मातीला एवढ्या थोड्या अवधीत एवढे ओझे पेलण्याची सवय होणे शक्य नव्हते. अर्धवट मोरीतून जाणारे पाणी सलग न जाता धक्के देत, गुदमरत, पुन्हा उसळत जाऊ लागले. त्या धक्क्यांनी मोरीचे बांधकाम थरथरू लागले, आणि वरची माती खचू लागली. मोरीच्या वरच्या अंगास सुमारे ९ मीटर रुंदीच्या पट्ट्यात भेगा पडल्या. मग तो पट्टाच खाली बसू लागला. अडीच तासांत धरणाचा माथा १.४ मीटर खाली आला. पाणी आणि माथा यांत उरलेले अंतर होते ०.६ मीटर, म्हणजे दोन फूट.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान त्या खचत्या माथ्यावर पोती रचत होते. भर पावसात, घसरत्या चिखलात, अंधारात त्यांनी केलेल्या या कामाची आठवण पुण्यात कृतज्ञतेने काढली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच रात्री खाली शहर झोपले होते, ही गोष्टही त्या कृतज्ञतेआड झाकली जाऊ नये. वर ज्यांना भेगा दिसत होत्या त्यांना खालच्या पेठांचा नकाशा ठाऊक नव्हता असे नाही. धरण वाचवण्याच्या खटपटीत माणसे हलवण्याचा विचार मागे पडला. धरण ही सरकारची वस्तू होती. ती जाईल असे मोठ्याने म्हणणे हेच जणू तिला ढकलण्यासारखे वाटत असावे.

१२ जुलैच्या सकाळी, बुधवारी, पानशेत फुटले. सुटलेले पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले. तो तलाव आधीच तुडुंब होता आणि त्याचे दरवाजे जवळजवळ पूर्ण क्षमतेने पाणी सोडत होते. येणारा लोंढा त्या धरणाच्या कल्पनेपलीकडचा होता. १८७९ मध्ये पुरे झालेली, नदीच्या तळापासून ३१ मीटरांहून उंच, सुमारे १४०० मीटर लांबीची ती दगडी भिंत. तिच्या संपूर्ण लांबीवरून पावणेतीन मीटर जाडीचा पाण्याचा थर खाली कोसळू लागला. भिंत हादरत असल्याचे सांगितले गेले. तरीही ती सुमारे चार तास उभी राहिली.

या चार तासांविषयी जरा थांबून बोलले पाहिजे. पुराच्या आठवणी सांगताना दोन्ही धरणे एका दमात फुटली असे म्हटले जाते, आणि खडकवासला जणू पानशेतचाच धाकटा भाऊ असल्याप्रमाणे दोषात सामील केला जातो. वास्तविक ब्रिटिश अमदानीतील त्या जुन्या भिंतीने आपल्या शक्तीबाहेरचे ओझे अर्धा दिवस अंगावर घेतले. पाणी माथ्यावरून वाहत होते, त्यामुळे शहरात सकाळीच पूर चढला. पण तो टप्प्याटप्प्याने चढला, दिवसाउजेडी चढला, आणि लोकांना घर सोडून उंचावर जायला वेळ मिळाला. दुपारी भिंत फुटली तेव्हा नदीकाठच्या कित्येक घरांत माणसे उरलेली नव्हती. हे संकट मध्यरात्री आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करू नये.

तरी जे झाले तेही थोडे नव्हते. सुरुवातीला लोक पुलांवर पूर बघायला जमले. पुण्यात मुठेचा पूर बघणे हा पावसाळ्यातला एक रिवाजच आहे. मग पाणी पुलांना लागले, पुलांवरून गेले. लकडी पूल, ओंकारेश्वर, नवा पूल, कुंभारवाडा, नारायण, शनिवार आणि कसबा पेठांचा नदीकडचा भाग, पलीकडे डेक्कन जिमखाना, हे सारे पाण्याखाली गेले. पेठांतील वाडे बहुधा दगडी जोत्यावर मातीच्या भिंती रचून बांधलेले. असा वाडा पाण्यात उभा राहील, पण पाणी उतरू लागले की भिजलेली भिंत आपल्याच वजनाने बसते. म्हणून पूर ओसरल्यानंतरही घरे पडतच राहिली. मृतांचा आकडा हजाराच्या घरात धरला जातो. कुणाचे दुकान गेले, कुणाचा चाक-आवा गेला, कुणाचे छापखान्याचे खिळे चिखलात मिसळले, कुणाच्या घरातली पिढीजात कागदपत्रे लगदा होऊन गेली. इतिहासाच्या अभ्यासकाला या शेवटच्या गोष्टीची हळहळ अधिक वाटली तर तो दोष मानू नये. ज्या नगरीने इतिहासाच्या साधनांचा एवढा संग्रह केला, तिच्याच खाजगी दप्तरांचा केवढा भाग त्या एका दिवसात वाहून गेला याचा हिशेब कधीच लागणार नाही.

आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, पाण्याने बुडालेल्या या शहराला दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हते. नळ खडकवासल्याचे होते, आणि खडकवासल्याचा तलावच वाहून गेला होता. बुजत चाललेल्या विहिरींकडे लोकांना वळावे लागले.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवले. पुण्याच्या महापालिकेचे आयुक्त राहिलेले हे सनदी अधिकारी शहर जाणत होते. अर्धगोल पत्र्यांच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. दाट, एकमेकांत मिसळलेल्या पेठांतून माणसे उचलून टेकड्यांच्या पायथ्याशी आखीव चौकोनांत ठेवली गेली. आजचे विस्तारलेले पुणे कारखान्यांनी घडवले असे आपण म्हणतो. त्याची पहिली आखणी मात्र पुराने केली.

चौकशीचा इतिहास याहून काळोखा आहे. न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. काम पुरे होण्यापूर्वीच त्यांनी आत्मघात केला. पुढे न्यायमूर्ती नाईक यांनी चौकशी पूर्ण केली. पहिल्या घटनेभोवती तर्ककुतर्कांचे जे जाळे विणले गेले त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. मृत माणसाच्या मनात शिरण्याचा अधिकार इतिहासकारालाही नसतो. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की लोकांच्या बोलण्यात चौकशीच्या निष्कर्षांपेक्षा चौकशीची शोकांतिकाच अधिक राहिली, आणि मोरीची गोष्ट तांत्रिक ग्रंथांत जाऊन बसली. शहराने पूर लक्षात ठेवला, पुराचे कारण ठेवले नाही.

अशी विस्मृती केवळ पुण्याची नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने बांधलेले तिग्रा धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले. पायातल्या वालुकाश्मात पाणी शिरले होते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी सौराष्ट्रात मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटले आणि घड्याळे व कौले बनवणारे मोरबी हे छोटे उद्योगनगर काही वेळात उद्ध्वस्त झाले. सांडव्यावरून जेवढे पाणी जाईल असे धरले होते त्याच्या सुमारे तिप्पट पाणी आले, आणि दोन्ही बाजूंचे मातीचे बांध धुऊन गेले. तेथील चौकशी आयोग तर अहवालाआधीच गुंडाळला गेला. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकडा बिळे करतो, हे खरे आहे. पण बांधावर गळती दिसली तर ती बुजवण्याचे काम खेकड्याचे नसते.

पानशेत पुन्हा बांधले गेले आणि १९७२ मध्ये पुरे झाले. त्याच्या तलावाला तानाजीसागर हे नाव मिळाले. खडकवासलाही पुन्हा उभा राहिला. रविवारी त्याच्या काठाला कणसे आणि भजी खाणाऱ्यांची गर्दी लोटते. पूरग्रस्तांच्या गृहसंस्थांच्या जमिनींची मालकी मात्र पुढे कित्येक दशके सरकारदरबारी अडून होती, आणि त्या संस्थांच्या कागदांवर, नातवंडांच्या पिढीपर्यंत, ‘पूरग्रस्त’ हा शब्द आडनावासारखा चालत राहिला.