अमेरिकी प्रवेशपरवाना व भारतीय

परकीय व्यक्तीस देशात येण्यासाठी शासनाने दिलेली अनुज्ञा म्हणजे प्रवेशपरवाना (व्हिसा). आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्याची गरज नव्हती. १९१७ च्या कायद्याने भारतीय मजुरांना तेथे प्रवेशबंदी झाली. विद्यार्थ्यांना मात्र सूट राहिली. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा ठरला. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटापद्धती रद्द होऊन कौशल्य व कौटुंबिक नाते यांना महत्त्व आले. १९९० मध्ये कुशल कर्मचाऱ्यांसाठी एच-१बी हा तात्पुरता वर्ग निर्माण झाला. त्यामुळे शिक्षणानंतर नोकरीचा मार्ग खुला झाला. परंतु कायम वास्तव्याच्या परवान्यांत एका देशाचा वाटा साधारणतः ७ टक्क्यांपुरता सीमित असल्याने अनेक भारतीयांस वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागते.